बोअर झालं, पण कितव्या पानावर?

प्रश्न असा आला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत ग्रंथालय सांभाळणाऱ्या ताईंनी आठवी ते दहावीच्या मुलांना फँटसी कादंबऱ्या वाचायला दिल्या आणि प्रत्येकाकडून एक चिठ्ठी लिहून घेतली. ३४ चिठ्ठ्या आल्या. एकाच पुस्तकावर एकीनं लिहिलं ‘आयुष्यातलं बेस्ट बुक’, दुसऱ्यानं ‘बोअर झालं’, तिसऱ्यानं नुसतं ‘नावं खूप आहेत’. मुख्याध्यापक विचारताहेत, पुढच्या वर्षी या पुस्तकांवर पैसे घालायचे की नाही? आणि ताईंना कळत नाहीये की या चिठ्ठ्यांचं करायचं काय.

ताई, आधी एक विनंती. ‘आवडलं’ इतके आणि ‘नाही आवडलं’ तितके, अशी बेरीज करून मुख्याध्यापकांच्या हातात आकडा देऊ नका. मी ठाण्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात २२ वर्षं देवघेवीच्या टेबलाशी बसते आहे, आणि त्यातली १४ वर्षं दर शनिवारी १३ ते १७ वयाच्या मुलांचा वाचनकट्टा घेते. सुरुवातीला मीही अशीच बेरीज करायचे. बहुमतानं पडलेलं पुस्तक मागच्या कपाटात जायचं. मग एकदा अशाच मागे टाकलेल्या पुस्तकासाठी एक मुलगी तीन शनिवार खेटे घालत राहिली. ते पुस्तक तिच्यासाठीच लिहिलेलं होतं आणि मी ते कुलपात ठेवलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी मुलांना एकच प्रश्न विचारते: कितव्या पानावर सोडलंस?

‘बोअर झालं’ हे मुलांच्या तोंडी तयार असलेलं उत्तर आहे. ते खोटं नसतं, पण त्या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. ‘का बोअर झालं?’ असं विचारलं की मूल गप्प बसतं, नाहीतर आपल्याला ऐकायला बरं वाटेल असं काहीतरी बोलतं. ‘कुठे सोडलंस?’ विचारलं की पुस्तक उघडून पान दाखवतं. बऱ्याचदा खूणही तिथेच असते, बसचं तिकीट नाहीतर चॉकलेटचा कागद. ते पान आणि त्याच्या मागची दोन पानं तुम्ही तिथल्या तिथे, त्याच्यासमोर वाचा. बहुतेक वेळा कारण तुम्हालाच दिसतं.

माझ्या अनुभवात या कादंबऱ्या मुलं तीन ठिकाणी सोडतात. पहिली ५० पानं, मग बरोबर मधोमध, आणि तिसरी जागा म्हणजे मालिकेचा दुसरा भाग. तिन्ही ठिकाणची कारणं निराळी, आणि उपायही निराळे.

तुमची ‘नावं खूप आहेत’ ही चिठ्ठी मला ३४ चिठ्ठ्यांमधली सगळ्यात नेमकी वाटली. हा मुलगा पहिल्या ५० पानांत अडकलाय. फँटसी लिहिणारा लेखक आधी जग उभं करतो. नकाशा येतो, त्यात चार राज्यं, दोन घराणी, एक बंदी घातलेली विद्या, आणि कुठल्या तरी जुन्या युद्धाचा उल्लेख. यातलं काय लक्षात ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं हे नवीन वाचकाला कळत नाही. सराईत मूल अर्धं समजलं नाही तरी पुढे जातं, कारण पुढे उलगडतं हे त्याला ठाऊक असतं. नवीन मुलाला वाटतं, आपल्यालाच जमत नाहीये.

मराठी आणि सेमी इंग्रजीच्या मुलांना यात आणखी एक अडचण येते. ती मला एका मुलानं शिकवली. आठवीतला होता, हॅरी पॉटर इंग्रजीतून वाचत होता. एका शनिवारी टेबलापाशी वही घेऊन आला आणि म्हणाला, ‘मॅडम, यातले शब्द डिक्शनरीत नाहीत.’ वहीत एकाखाली एक २७ शब्द, सुवाच्य अक्षरात, प्रत्येकापुढे अर्थासाठी रेघ ओढलेली. बऱ्याच शब्दांपुढे अर्थ लिहिले होते, काहींना दोन-दोन. पण ‘मगल’पुढची रेघ रिकामी, ‘क्विडिच’पुढची रिकामी, अशा नऊ रेघा रिकाम्या. हे शब्द लेखिकेनं स्वतः बनवलेत, त्यांचा अर्थ गोष्टीतच मिळतो, आणि तो मिळेपर्यंत इंग्लंडमधल्या मुलालाही तो माहीत नसतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तो वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे या नऊ शब्दांत तो आणि मी सेम?’ मी म्हटलं, अगदी सेम. पुढच्या दोन वर्षांत त्यानं सातही भाग संपवले. त्या दिवशी मी ‘तुला जड जातंय, दुसरं घे’ म्हणाले असते तर तिथेच संपलं असतं. म्हणून आता नवीन मुलाच्या हातात अशी कादंबरी देताना मी पाच मिनिटं घेते आणि सांगते, यात बनवलेले शब्द आहेत, ते शोधू नकोस, वाचत राहा.

मराठी भाषांतर हाताशी असेल तर पहिला भाग मराठीतून द्यायला अजिबात संकोच करू नका. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हे नावच बघा. लोखंडाला लागला की सोनं करणारा परीस आपल्या मुलांना आजीच्या गोष्टींतून, अभंगांतून ओळखीचा असतो. इंग्रजी शीर्षकातला दगड, ‘फिलॉसॉफर्स स्टोन’, काय करतो हे समजायला इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला पुस्तकात बरंच आत शिरावं लागतं. मराठी मुलाला निम्मं उत्तर मुखपृष्ठावरच मिळतं. पहिला भाग मराठीत वाचून पुढचे इंग्रजीत वाचणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. जग ओळखीचं झालं की भाषेची भीती कमी होते.

पहिली ५० पानं सोपी जाणारी पुस्तकं कोणती, असं तुम्ही विचाराल. रिक रायोर्डनची पर्सी जॅक्सन मालिका, २००५ सालची. शाळेची सहल, संग्रहालय, आणि गणिताची बाई अचानक राक्षसीण होऊन अंगावर येते, हे सगळं पहिल्याच प्रकरणात. बारा वर्षांचा मुलगा ‘मी’ म्हणून बोलतो, त्याचं वाचताना अक्षरांचं गाडं अडतं, वर्गात लक्ष लागत नाही. रायोर्डननं ही गोष्ट मुळात आपल्या मुलासाठी रचली, त्या मुलाला हेच त्रास, म्हणजे डिस्लेक्सिया आणि एडीएचडी, होते. हे मी कट्ट्यावर सांगते तेव्हा कुणीतरी एक मूल मान खाली घालून ऐकत असतं आणि नंतर एकटं येऊन ते पुस्तक मागतं. असं एकदा नाही, चार-पाचदा झालंय.

पण हीच मालिका दुसऱ्या काही मुलांना पोरकट वाटते. ‘सगळ्या गोष्टीचा जोक करतो’ ही त्यांची ठरलेली तक्रार. या मुलांसाठी मी उर्सुला ल गुइन हिचं १९६८ सालचं, ‘अर्थसी’ मालिकेतलं पहिलं पुस्तक ठेवते. छोटं आहे, पण जुन्या दंतकथेसारखं लांबून सांगितलंय, संवाद कमी, विनोद जवळजवळ नाही. जादू शिकणारा एक गर्विष्ठ मुलगा ईर्ष्येपायी एक सावली मोकळी सोडतो आणि मग ती सावली त्याच्या मागे लागते. यात मोठं युद्धच नाही. कट्ट्यावर दहापैकी सात मुलं म्हणतात, ‘काही घडतच नाही.’ उरलेली तीन मुलं पुस्तक परत करायला उशीर करतात. माझ्या दृष्टीनं ही तीन मुलं त्या पुस्तकाच्या किमतीला पुरेशी आहेत. बेरीज केली असती तर ते केव्हाच मागच्या कपाटात गेलं असतं.

आता मधल्या पानांकडे येऊ. इथे अडलेल्या मुलाला भाषेचा त्रास नसतो. तो मुख्य पात्रावर चिडलेला असतो. ‘सारखा रडतो’, ‘उगाच लव्ह ट्रँगल घातलाय’, ‘ती इतकी मूर्ख कशी वागते’ ही वाक्यं तुमच्या चिठ्ठ्यांत असतीलच. इथे मला एका पुस्तकाबद्दल सविस्तर सांगायचंय, कारण किशोर वाचकांचे मतभेद मी सगळ्यात जास्त त्याच्यावरच ऐकले.

ते म्हणजे हॅरी पॉटरचा पाचवा भाग, २००३ साली आलेला. मालिकेतला सगळ्यात जाडा, ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानं आणि ३८ प्रकरणं. हॅरी १५ वर्षांचा झालाय. आदल्या भागाच्या शेवटी त्यानं आपल्यासोबतच्या मुलाला मरताना पाहिलंय, आणि आता त्याला कुणी काही सांगत नाही. तो मित्रांवर ओरडतो, आणि ते ओरडणं पुस्तकात सलग मोठ्या अक्षरांत छापलंय. सातवीतला एक मुलगा, चौथ्या भागापर्यंत धडाक्यात वाचत आलेला, इथे थांबला. पान ६८. पुस्तकाच्या सुरुवातीलाच, पण सात भागांची मालिका धरली तर साधारण मधोमधच. मी ते उघडून वाचलं तर नेमकं तेच ओरडणं होतं. ‘हा आधी असा नव्हता,’ तो म्हणाला. त्याचा मित्रच बिघडल्यासारखं त्याला वाटत होतं. आणि त्याची तक्रार खरी होती. या भागात साहस कमी, घुसमट जास्त.

त्याच कट्ट्यावर दहावीतली एक मुलगी होती. फारशी बोलायची नाही. त्या मुलाचं ऐकून घेऊन ती म्हणाली, ‘तो ओरडतो तेव्हा मला बरं वाटलं. मला घरी ओरडता येत नाही.’ मग ती बरंच बोलली. हे हॅरीचं जादूच्या शाळेतलं पाचवं वर्ष आहे म्हणजे त्याची दहावी आहे, असं तिनं सांगितलं. खरंच, त्या शाळेत पाचव्या वर्षी मोठी परीक्षा असते, तिच्यावर पुढचे विषय ठरतात, शिक्षक एकेकाला बोलावून ‘पुढे काय व्हायचंय?’ विचारतात, आणि पोरं अभ्यासानं हैराण झालेली असतात. मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं, पण ‘ही दहावी आहे’ हे मला दिसलं नव्हतं. ते दिसायला दहावीत असावं लागतं. त्या वर्षी त्या मुलीनं ते पुस्तक तीन वेळा नेलं. पाठीमागच्या तारखेच्या चिठ्ठीवर लागोपाठ तिचाच सभासद क्रमांक आहे.

सातवीतल्या मुलाला मी सांगितलं, ठेवून दे, दोन वर्षांनी बघू. तो नववीत परत आला आणि यावेळी पान ६८ ओलांडून गेला. मला सांगायचंय ते एवढंच, ताई, की त्याच्या ‘बोअर झालं’ आणि तिच्या ‘बरं वाटलं’ यांच्यामध्ये तीन वर्षांचं अंतर होतं, पुस्तक तेच होतं. तुमच्या चिठ्ठ्यांवर इयत्ता लिहिली नसेल तर आजच लिहून घ्या. आठवी आणि दहावी एकाच गठ्ठ्यात ठेवलीत तर त्यातून काहीच हाती लागणार नाही.

इयत्तेइतकाच महत्त्वाचा आहे वाचनाचा क्रम, म्हणजे मुलानं आधी काय वाचलंय. याचं उदाहरण म्हणजे ‘एरागॉन’. क्रिस्टोफर पाओलिनी यानं ते १५ व्या वर्षी लिहायला घेतलं. २००२ मध्ये घरच्यांनीच ते छापलं, पोरगा स्वतः शाळाशाळांतून फिरून ते विकत होता. पुढे एका नामवंत लेखकाच्या सावत्र मुलाच्या हाती ते पडलं, त्याला आवडलं, आणि २००३ मध्ये ते मोठ्या प्रकाशकाकडून आलं. ज्या मुलांनी ड्रॅगनची पहिली मोठी कादंबरी म्हणून हे वाचलं ती त्याच्यावर जीव टाकतात. ज्यांनी आधी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टॉल्कीन वाचलाय आणि ‘स्टार वॉर्स’ पाहिलाय ती म्हणतात, सगळं तिकडचंच आहे. शेतावर वाढलेला अनाथ मुलगा, म्हातारा गुरू, दुष्ट साम्राज्य. दोन्ही मतं मला पटतात. आपण जे पहिल्यांदा वाचतो ते आपल्यासाठी मूळ असतं. म्हणून चिठ्ठीवर इयत्तेखाली आणखी एक ओळ हवी: याआधी असं काय वाचलं होतंस?

आणि हो, स्वतः लिहिणारी मुलं वर्गात असतील तर हे पुस्तक घ्याच. दहावीतला एक मुलगा ‘पंधराव्या वर्षी?’ असं दोनदा विचारून गेला आणि पुढच्या आठवड्यात शंभरपानी वही घेऊन आला. ती कादंबरी पूर्ण झाली नाही, पण ४० पानं झाली.

आणखी एक तक्रार तुम्हाला ऐकू येईल, विशेषतः थोड्या मोठ्या मुलांकडून: ‘ही १६-१७ वर्षांची वाटतच नाहीत.’ ली बार्दुगोच्या ‘सिक्स ऑफ क्रोज’वर (२०१५) आमच्याकडे यावरून जोरात वाद झाला. सतरा वर्षांचा मुलगा बंदराच्या शहरात टोळी चालवतो, अभेद्य किल्ल्यातून माणूस पळवायची योजना आखतो. एक मुलगी म्हणाली, ‘मला सात वाजता घरी यायचं असतं, क्लासवरून पाच मिनिटं उशीर झाला तर फोन येतो. आणि यांचे आईवडील कुठायत?’ ही तक्रार मी थट्टेवारी नेत नाही. आपल्या मुलांच्या आयुष्यात आई, बाबा, आजी, मामा सतत असतात, आणि या कादंबऱ्यांत आईवडील बहुधा पहिल्या प्रकरणाआधीच गेलेले असतात. काही मुलांना नेमकी तीच मोकळीक हवी असते. काहींना ती खोटी वाटते. त्याच वादात एक मुलगा हळूच म्हणाला की त्याला हे पुस्तक आवडलं ते वेगळ्याच कारणानं. त्या टोळीप्रमुखाचा पाय अधू आहे, तो काठी टेकत चालतो, आणि इतकी जादू असलेल्या जगातही लेखिका त्याचा पाय बरा करत नाही. लेखिका स्वतः हाडांच्या आजारामुळे काठी वापरते, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘कळतं ते.’

भारतीय पुराणांवरच्या फँटसीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण मुख्याध्यापक नक्की विचारतील, ‘मग आपल्या गोष्टी का नाही घेत?’ घ्या, जरूर घ्या, पण त्यावरही मुलांचं एकमत होणार नाही याची तयारी ठेवा. रोशनी चोक्शीची ‘आरू शाह’ (२०१८) ही मालिका पांडवांचे पुनर्जन्म अमेरिकेतल्या मुलींच्या रूपात आणते. आमच्याकडच्या सहावी-सातवीच्या मुली त्यावर खूष. भीम किंवा अर्जुन मुलगी असू शकतो, ही कल्पनाच त्यांना उचलून धरते. नववी-दहावीच्या मुलांची कुरकुर अशी की लेखिका ‘पांडव म्हणजे कोण’ हे सारखं समजावत बसते. ती समजावते कारण तिचा पहिला वाचक तिथला बारा वर्षांचा मुलगा आहे, ज्यानं महाभारत ऐकलेलं नाही. हे एकदा सांगितलं की मोठी मुलं निवळतात. एक जण तर म्हणाला, ‘मग ग्रीक देवांबद्दल पर्सी जॅक्सन मला समजावतो, तसंच.’

मुख्याध्यापकांना फँटसी म्हणजे परदेशी फॅड वाटत असेल तर त्यांना हेही सांगा की मराठी कादंबरी जन्मली तेव्हा पहिली काही दशकं बरीचशी अद्भुताचीच होती. ‘मुक्तामाला’ १८६१ ची, ‘मंजुघोषा’ १८६८ ची. पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वर पिढ्या वाढल्या. आणि ज्या वयाचे मुख्याध्यापक आज खुर्चीवर आहेत ते बहुतेक ‘चांदोबा’ वाचूनच मोठे झालेत. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ प्रत्येक गोष्टीनंतर प्रश्न विचारायचा आणि घरात त्यावर वाद व्हायचा, हे त्यांना आठवत असेल. तुमच्या शाळेत या ३४ चिठ्ठ्यांनी तेच झालंय.

एका बाबतीत मात्र तुम्हाला सावध करायला हवं. आजकाल पुस्तकाची कीर्ती रील्सवरून येते. मुलं पुस्तक मागतात ती नावानं नाही, प्रकारानं: ‘एनिमीज टू लव्हर्स आहे का?’ (आधी वैर, मग प्रेम), ‘स्लो बर्न हवंय’ (सावकाश फुलणारं प्रेम). यात वाईट काही नाही, आपल्याला काय हवंय ते मुलांना सांगता येतंय. पण रीलमध्ये वय सांगत नाहीत. सारा जे. मास हिची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही मालिका २०१५ मध्ये किशोरांसाठी म्हणून आली, आणि नंतर २०२० मध्ये प्रकाशकानंच नवी मुखपृष्ठं घालून ती प्रौढांसाठी म्हणून काढली. आतला मजकूर प्रौढांचाच आहे, शरीरसंबंधांची उघड वर्णनं आहेत. तरी दुकानांत ती अजून किशोरांच्या फळीवर दिसते आणि नववीतली मुलगी ती ‘परीकथा’ म्हणून मागते. शाळेच्या ग्रंथालयात ती ठेवू नका. मागितली तर ओशाळवाणं करू नका, रागावू तर मुळीच नका. ‘हे मोठ्यांसाठी लिहिलंय, तुला त्यातलं काय हवंय ते सांग, तसं दुसरं देते’ इतकं सरळ बोला. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘शापित राजकुमार आणि धीट मुलगी.’ तसं पुष्कळ काही देता येतं. हे काम स्वतः वाचल्याशिवाय करता येत नाही. मालिकेतलं किमान पहिलं पुस्तक तुम्ही वाचलेलं असावं, पाठीमागचा मजकूर वाचून खरेदी करू नका.

तिसरी जागा, मालिकेचा दुसरा भाग. इथे मुलांची मतं पैशांशी येऊन भिडतात, म्हणून सरळ हिशेबच सांगते. आमच्या ग्रंथालयात पाच-सहा भागांची एक मालिका अख्खी घेतली होती. पहिल्या भागाची बांधणी दोनदा करावी लागली, पानं तेलकट, कोपरे दुमडलेले. तिसऱ्या भागाची तारखेची चिठ्ठी जवळजवळ कोरी. पाचवा भाग उघडला तर नव्या कागदाचा वास येतो. मुलं पहिल्या भागानंतर का थांबतात? बरेचदा त्यांना शेवट मिळालेला असतो आणि तेवढा पुरतो. आवडलं असूनही थांबतात. त्याला नावड समजू नका.

तेव्हा एवढ्या पैशांत अख्खी मालिका घेण्यापेक्षा वेगवेगळ्या मालिकांचे पहिले भाग घ्या, आणि सगळ्यात चालणाऱ्या पुस्तकाच्या दोन प्रती. दुसरा भाग तेव्हाच, जेव्हा तीन मुलं येऊन मागतील. त्यांची नावं दाखलनोंद वहीच्या शेवटी पेन्सिलीनं लिहून ठेवा आणि पुस्तक आलं की आधी त्यांना द्या. एकाच पुस्तकात संपणाऱ्या कादंबऱ्याही मुद्दाम शोधा, दहावीच्या मुलांना त्या जास्त लागतात, जानेवारीनंतर त्यांच्याकडे मालिकेला वेळ नसतो.

मुख्याध्यापकांना पटवायला एक गोष्ट उपयोगी पडेल. हॅरी पॉटरचं पहिलं हस्तलिखित बऱ्याच प्रकाशकांकडून परत आलं होतं. ते ज्यांनी घेतलं त्यांच्या प्रमुखांनी पहिलं प्रकरण आपल्या आठ वर्षांच्या मुलीला वाचायला दिलं, आणि ती पुढचं मागायला आली. पुस्तक १९९७ मध्ये निघालं तेव्हा पुठ्ठा बांधणीची पहिली छपाई फक्त ५०० प्रतींची होती. मोठ्यांना अंदाज येत नव्हता तिथे एका वाचक मुलीचं मत उपयोगी पडलं. तुमच्याकडे तर ३४ आहेत.

आता चिठ्ठ्यांचं काय करायचं ते सांगते. त्या परत मुलांना द्या आणि मागच्या बाजूला तीन गोष्टी लिहून घ्या: इयत्ता, याआधी वाचलेलं असं पुस्तक, आणि थांबलेलं पान. पुस्तक संपवलं असेल तर थांबलेल्या पानाऐवजी जे पान पुन्हा वाचलं त्याचा आकडा. मग एका पुस्तकावरच्या दोन अगदी उलट चिठ्ठ्या निवडा आणि पुस्तकाच्या आतल्या मुखपृष्ठावर शेजारी शेजारी चिकटवा. आमच्याकडे गेली आठ वर्षं अशा जोडचिठ्ठ्या आहेत. नवीन मूल पुस्तक उघडतं, दोन्ही वाचतं, आणि घेऊन जाताना बहुतेक वेळा म्हणतं, ‘बघतो कोण बरोबर आहे ते.’ नुसत्या कौतुकाच्या चिठ्ठीनं असं कधी झालं नाही. फक्त चिठ्ठी लावण्याआधी त्या मुलांना विचारा. काहींना नाव नको असतं, तेव्हा इयत्ता पुरते.

आणि ‘नावं खूप आहेत’ लिहिणारा तो मुलगा. त्याला सोपं पुस्तक देऊन परत पाठवू नका. त्याला एक कोरा कागद द्या आणि सांगा, पहिल्या ५० पानांत येणाऱ्या नावांची यादी तू कर, कोण कुणाचा कोण ते एका ओळीत, पुढच्या वाचणाऱ्यासाठी. तो यादी करता करता ५० पानं पार करेल. आमच्या ११ पुस्तकांच्या मागच्या बाजूला मुलांनी केलेल्या अशा याद्या चिकटवलेल्या आहेत. त्यातल्या एकीत एका नावापुढे कुणीतरी ‘हा नंतर’ इतकं लिहिलंय, पुढच्या शब्दांवर दुसऱ्या कुणीतरी व्हाइटनर फिरवलाय, आणि त्यावर तिसऱ्याच अक्षरात लिहिलंय: ‘सांगू नका, मी अजून २१२ वर आहे.’